सड्यावर घर बांधू की जुन्या जोत्यावर? (राजापूर तालुका, २२ गुंठे, उताराची जागा)

वळचण | १८ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

राजापूर तालुक्यात आमची २२ गुंठे वडिलोपार्जित जागा आहे. वर सडा (कातळाचा सपाट माथा), खाली व्हाळ (ओढा), मध्ये उतार. उताराच्या साधारण मध्यावर आजोबांच्या घराचं जोतं अजून शाबूत आहे. शेजारी विहीर आणि एक म्हातारा फणस. घर केव्हाच बसलं. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. मी आणि बायको वर्षातले आठ-नऊ महिने तिथे राहायचं म्हणतोय, पावसाळ्यासकट. आई ८१ वर्षांची आहे, तिलाही न्यायचंय.

मुंबईतल्या एका आर्किटेक्टकडून आराखडा करून घेतला. घर सड्याच्या कडेला, सपाट स्लॅब, आणि पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, कारण तिथून लांबवर समुद्राची रेघ दिसते. चित्र बघून आम्ही दोघंही हरखलो. आईने कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "पागोळ्या कुठे पडणार?" मी म्हटलं, पागोळ्या नाहीत, पाइप आहे. तिने कागद परत दिला. बोलली काहीच नाही.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. घर गावातलं वाटावं, जमीन फार ओरबाडायला लागू नये, आणि आम्हा म्हाताऱ्यांना झेपावं. जाणकारांनी बोलावं.

कोकमसरबत | १८ फेब्रुवारी

पहिला प्रश्न: सातबाऱ्यावर नावं किती?

वळचण | १८ फेब्रुवारी

सतरा. त्यातली चौदा मंडळी बघितली तरी आहेत. वाटणीपत्र दोन वर्षांपूर्वी झालंय हो, त्यातून सुटलो.

कोकमसरबत | १८ फेब्रुवारी

मग तुमचं निम्मं घर बांधून झालं समजा. 😄 उरलेल्या निम्म्याचं तज्ज्ञ सांगतील. समुद्र नुसता दिसतोय तोवर ठीक, पण भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध) तपासा.

तिरपा_पाऊस | १९ फेब्रुवारी

मी सिव्हिलवाला. कोकणात बरीच घरं बांधली आहेत आणि त्यातली दोन चुकवलीही आहेत, तेव्हा अनुभवाने बोलतो.

तुमच्या आईचा प्रश्न हाच कोकणातल्या घराचा पहिला प्रश्न आहे. आकडा बघा. तुमच्याकडे चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. १००० चौरस फुटांचं छप्पर म्हणजे ९३ चौरस मीटर. गुणाकार करा, एका मोसमात पावणेतीन लाख लिटर पाणी एकट्या छपरावर पडतं. दिवसाला १०० मिलिमीटर हा आपल्याकडे बातमीचा पाऊस नव्हे, साधा दिवस. म्हणजे त्या दिवशी नऊ हजार लिटर. सपाट स्लॅबवर एवढं पाणी दोन-तीन पाइपांच्या भरवशावर सोडायचं, आणि त्यात एक फणसाचं पान अडकायचं, की झालं. चार-पाच वर्षांत गळती, मग त्या स्लॅबवर पत्र्याची शेड. कोकणातल्या कुठल्याही रस्त्याने जा, स्लॅबवर पत्रा चढवलेली घरं मोजत राहा. अशा वेळी आधी एक सपाट छप्पर घालून मग त्यावर उतरतं छप्पर घालायचा खर्च होतो, दुसरं काय.

पश्चिमेची काच: नैऋत्येचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. म्हणून जुन्या घरांची पुढची पडवी बहुधा पूर्वेला आणि पावसाच्या बाजूला बारीक खिडक्या, खाली आलेली वळचण, वरून माडाच्या झावळ्यांची झापं बांधलेली. समुद्र बघायचा तर बाहेर एक कट्टा बांधा. ऑक्टोबर ते मे तिथे बसा. काचेमागे बसलात तर एप्रिलमध्ये दुपारी तीनला तुम्ही पडदे ओढणार, आणि मग समुद्रही दिसणार नाही.

मातीचा_माणूस | १९ फेब्रुवारी

चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा), सिमेंट, स्टील कशाला? शुद्ध मातीचं घर बांधा. वास्तुकार लॉरी बेकर यांना गांधीजींनी सांगितलं होतं की घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानाने बांधावं. बेकरांनी केरळात आयुष्यभर तेच केलं. रॅट ट्रॅप पद्धतीने (विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवून) भिंत बांधली तर विटाही सुमारे एक चतुर्थांश वाचतात.

चिरेखाणीचा | १९ फेब्रुवारी

दादा, राजापुरात पाच मैलांत वीट नाही मिळत, चिरा मिळतो. पाच मैलांचा नियम पाळायचा तर वीट पहिली बाद. 🙂

आमच्या घरात तीन पिढ्या चिऱ्याचं काम आहे, म्हणून थोडं लिहितो. जांभा जमिनीत असतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. उन्हावाऱ्यात राहिला की घट्ट होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने केरळात हे बघितलं आणि १८०७ साली छापलेल्या पुस्तकात याला 'लॅटराइट' नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. म्हणजे ही जमिनीतून आयती निघणारी वीटच. पण सगळा चिरा सारखा नसतो. वळचण दादा, गाडी उतरवून घेताना हे बघा: चिऱ्यात पांढऱ्या-पिवळ्या मातीचे डोळे आहेत का? ती शेडी. दोन पावसाळ्यांत ती धुऊन जाते आणि भिंतीला भोकं पडतात. पाच-सहा चिरे रात्रभर पाण्यात टाका, सकाळी कोपरा नखाने खरवडा. सुटला तर गाडी परत पाठवा. आणि आताच काढलेला ओला चिरा लगेच बांधायला घेऊ नका. एक उन्हाळा खळ्यात रचून ठेवा.

बाहेरून प्लास्टर करू नका. नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरा. सिमेंटच्या प्लास्टरला केसभर भेग गेली की पाणी आत शिरतं आणि परत निघत नाही, मग पोपडे. उघड्या चिऱ्यावर श्रावणात शेवाळ धरतं, दिवाळीपर्यंत वाळतं. ते तसंच दिसतं आणि तसंच दिसायला हवं.

तिरपा_पाऊस | २० फेब्रुवारी

मातीवाल्या दादांना पूर्ण नाही म्हणणार नाही. आपल्याकडेही मातीच्या भिंती होत्या, कारवीचे कूड लिंपून केलेल्या आतल्या भिंती होत्या. त्या टिकल्या कारण जोतं उंच होतं आणि वळचण तीन-तीन फूट बाहेर होती, आणि घरात दरवर्षी लिंपायला हात होते. ८१ वर्षांच्या आजी आणि साठीचे आजोबा दर मे महिन्यात भिंती लिंपणार आहेत का? आतल्या एक-दोन भिंती कुडाच्या करा, हौसही भागेल आणि हलक्याही होतील. पावसाच्या बाजूला चिराच.

काळी_पांढरी | २१ फेब्रुवारी

मी औसा तालुक्यातला, कोकणाशी संबंध फक्त आंब्यापुरता. तरी लिहितो, कारण इथे 'जुनं ते सोनं' असा सूर लागायला लागलाय.

आमच्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून घर पांढरीत. इथवर पूर्वजांचं शहाणपण. आता पुढचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसं गेली, ती भूकंपापेक्षा भिंतींखाली गेली. दोन-अडीच फूट जाड भिंत, पण बाहेरचा दगड वेगळा आणि आतला वेगळा, मध्ये मातीचा भराव, दोन्हींना शिवणारा आडवा दगड नाही. वर धाब्याची (सपाट छपराची) माती, दरवर्षी गळू नये म्हणून नवा थर, जुना कोणी काढत नाही. असं वजन साठत गेलं होतं. ज्या घरांत खांब-तुळयांचे खण घट्ट होते, तिथे भिंत बाहेर पडली तरी छप्पर बऱ्याचदा उभं राहिलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमच्या घराचे खण राहिले. समोरच्या घराचे नाही.

आणि नंतर जी सिमेंटची घरं मिळाली, त्यांत मे महिन्यात झोपता येत नाही, लोक बाहेर बाजेवर झोपतात. म्हणजे दोन्हीकडून शिकायचं. तुमच्याकडेही कोयनेचा १९६७ चा धक्का बसलेला आहे. चिऱ्याच्या भिंतीला जोत्यावर आणि दरवाजांच्या डोक्यावर आरसीसीचा सलग पट्टा घ्या. तिथे पारंपरिकपणा करू नका.

तिरपा_पाऊस | २१ फेब्रुवारी

काळी_पांढरी, हे लिहिल्याबद्दल आभार. पट्टा घ्यायचाच, याबद्दल वाद नाही. खर्च वाचवायचा तर टाइल्समध्ये वाचवा.

शेवग्याची_शेंग | २३ फेब्रुवारी

आम्ही दापोलीजवळ २०१८ ला घर बांधलं. आमच्या चुका सांगते, फुकटात घ्या.

१. मंगलोरी कौलं घातली. सुंदर दिसतात, घर थंड राहतं. (ही कौलं आपण 'आपली' म्हणतो, पण बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तो १८६५ साली. त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं आणि गवत.) ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. शेजारच्यांचे पत्रे लोखंडी सांगाड्यासकट आमच्या आंब्यात येऊन अडकले. आमच्या कौलांच्या मधल्या ओळी राहिल्या, कडेच्या आणि आढ्याजवळच्या उडाल्या, कारण फॅब्रिकेटरने कडेची कौलं तारेने बांधलीच नव्हती आणि कोने (आढ्यावरची कौलं) नुसते टेकवले होते. आता कडेच्या तीन ओळी बांधून घेतल्या आहेत.

२. माकडं. यावर कोणी काही बोलत नाही. कोकणात लोक कौलं काढून पत्रा का घालतात याचं खरं उत्तर माकडं हे आहे. एक टोळी छपरावरून गेली की पाच-दहा कौलं फुटतात, आणि ती बदलायला वर चढणारा माणूस आता गावात उरलेला नाही. पूर्वी मे महिन्यात घराघरात छप्पर चाळायचे (कौलं काढून नीट लावायचे). आता आमच्या वाडीत एक काका आहेत, वय ६८. ते चढतात तेव्हा मी खाली उभी राहून रामरक्षा म्हणते.

३. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला खणला. जांभ्यातून पाणी चाळणीतून जावं तसं जातं. पुढचं सांगत नाही. नवा खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, लांब.

चौथी चूक नवऱ्याची आहे, ती इथे लिहित नाही.

वळचण | २३ फेब्रुवारी

ताई, माकडांवर उपाय काय केलात?

शेवग्याची_शेंग | २३ फेब्रुवारी

नवीन बांधत असाल तर खाली पत्रा आणि वर कौल असं करतात काही जण. कौल फुटलं तरी घरात पाणी येत नाही, पत्र्यावर ऊनही थेट पडत नाही. खर्च दुप्पट. आम्ही शेवटी कुत्रा पाळला. कुत्र्याची आणि माकडांची आता मैत्री झाली आहे.

देवगडचो_आजो | २५ फेब्रुवारी

वळचण बाबा, मी इतको वेळ गप वाचत होतंय. तुज्या आज्यान थंय जोता घातला ता काय उगाच नाय. सड्यार मांगर बांधूक पण कोण जाय नाय होतो. वारो बघितलस काय थंयचो? यंदाच्या पावसात चार दिस जाऊन रव. छत्री घेऊन सड्याच्या कडेक उभो रव. मग माका सांग घर खंय बांधतस ता.

आणि फणस कापू नको.

तिरपा_पाऊस | २५ फेब्रुवारी

आजोबांशी शंभर टक्के सहमत. एक पावसाळा बघितल्याशिवाय पाया काढू नका. आणखी दोन गोष्टी. सड्यावर जेसीबी लावायचाच झाला तर आधी कातळ झाडून बघा. तुमच्या तालुक्यात बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे इथे कातळशिल्पं आहेत आणि २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. उतारावर बांधलंत तर डोंगर कापून सपाटी करू नका. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, दरडींखाली गेलेली ही नावं विसरायची नाहीत. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आहेत, पण उताराच्या पायथ्याला कापायचं आणि वरच्या पाण्याला वाट ठेवायची नाही हे आपण आपल्या हाताने करतो. घर पायऱ्यापायऱ्यांनी बसवा. स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली गेलं तर बिघडत नाही.

मातीचा_माणूस | २६ फेब्रुवारी

पायऱ्या? ८१ वर्षांच्या आजींना?

तिरपा_पाऊस | २६ फेब्रुवारी

हा मुद्दा बरोबर. मग आजींची खोली, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एका पातळीवर. पायरी पाहुण्यांच्या खोलीला.

वळचण | २१ जुलै

धागा वर काढतोय. आजोबांचं ऐकलं. बायकोला न सांगता (म्हणजे सांगूनच, पण तिला न पटता) चार दिवस शेजाऱ्यांकडे जाऊन राहिलो. आईच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या आणि बांबूच्या काठ्या नेल्या होत्या. पाणी जिथून वाहतं तिथे काठी रोवायची, एवढाच उद्योग.

पहिल्या दिवशी सड्याच्या कडेला गेलो. छत्री पहिल्या मिनिटातच उलटी झाली. पण त्याहून गंमत म्हणजे तिथे पाऊस खालून वर येतो. वारा उतारावरून चढतो आणि थेंब घेऊन तोंडावर येतो. आमची काचेची भिंत नेमकी तिथेच होती. समुद्र? तीन दिवस समोरचं झाडसुद्धा दिसलं नाही. आणि सड्यावरचं सगळं पाणी घोटाभर थराने त्याच कडेवरून खाली उतरतं. आर्किटेक्टच्या कागदावर तिथे 'लॉन' लिहिलं आहे.

मग जोत्याकडे आलो. वरून एवढं पाणी येतंय, तर इथे चिखल असणार असं वाटलं. जोत्याभोवतीची जमीन ओली होती, पण वाहत नव्हती. मी अर्धा तास तिथे उभा. जोत्याच्या वर वीसेक पावलांवर एक ढासळलेला गडगा (रचलेल्या दगडांचा बांध) आहे, घाणेरीने झाकलेला. लहानपणापासून मी तो हद्दीचा समजत होतो. पण तो हद्दीला समांतर नाही, तिरका आहे. कोयत्याने घाणेरी तोडली तर गडग्याच्या वरच्या अंगाला चर निघाला, हातभर खोल, गाळाने अर्धा भरलेला. सड्याचं पाणी त्या चरात शिरतं, तिरकं जातं, आणि घराला वळसा घालून व्हाळात पडतं. शेवटाला एक मोठा धोंडा आडवा ठेवलेला आहे, पाण्याचा वेग मोडायला. माझ्या आजोबांनी ठेवलेला असणार, किंवा त्यांच्याही वडिलांनी.

आईला फोन करून सांगितलं. म्हणाली, "तो चर उपसायला आम्ही दर वैशाखात जात होतो. तू विचारलंस कुठे?"

चिरेखाणीचा | २१ जुलै

वाचून अंगावर काटा आला दादा.

कोकमसरबत | २१ जुलै

आर्किटेक्टची फी गेली ना पण?

वळचण | २१ जुलै

अर्धी गेली. उरलेल्या अर्ध्यात चर उपसला.

तिरपा_पाऊस | २२ जुलै

त्या गडग्याला दगड लावून तो नीट करा, पण सिमेंटमध्ये बांधू नका. कोरडा राहू दे, पाणी अडून दाब यायला नको. पाण्याचं आणखी एक: मार्च-एप्रिलमध्ये विहिरीची काय अवस्था असते?

वळचण | २२ जुलै

एप्रिलअखेर तळ दिसतो. शेजारी सांगतात, पूर्वी व्हाळावर दिवाळीनंतर बांध घालायचे तेव्हा पाणी मे महिन्यापर्यंत पुरायचं. आता बांध घालायला माणसं नाहीत.

तिरपा_पाऊस | २२ जुलै

मग छपराला पूर्वेकडे पन्हळ लावा आणि २०,००० लिटरची फेरोसिमेंटची टाकी घ्या. तिघांना प्यायला, स्वयंपाकाला आणि भांड्यांना रोज १५० लिटर धरले तरी चार महिन्यांचे १८,००० होतात. छपरावर पडणाऱ्या पावणेतीन लाखांतले एवढे धरून ठेवणं काही कठीण नाही. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्या, मग टाकीत घ्या. न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळीला. हे तुमच्या आईला मी सांगायची गरज नाही.

वळचण | ९ नोव्हेंबर

आराखडा नव्याने झाला, या वेळी रत्नागिरीतल्या एका तरुण मुलीकडून. जुनं जोतं तेच, उत्तरेला नऊ फूट वाढवलंय. चौपाखी कौलारू, पुढे पूर्वेला पडवी, पश्चिमेला सामानाची खोली आणि न्हाणीघर, म्हणजे झड खायला तीच बाजू. आईची खोली पडवीला लागून. वासे लोखंडी, कारण ऐन-किंजळ तोडायला आपल्याच जागेतही परवानगी लागते आणि मला झाडं तोडायचीही नाहीत. दारं मात्र आजोबांच्या घराची फणसाची, शेजाऱ्यांच्या माळ्यावर पडली होती ती. एका दाराला वाळवी लागलेली, खालची वीतभर कापावी लागली.

फणस कापला नाही. त्याची मुळं पाहून स्वयंपाकघर दोन फूट आत घेतलं. चिरे आले आहेत, खळ्यात रचून ठेवलेत. पाच चिरे भिजवून खरवडले. एक गाडी परत पाठवली, खाणवाला अजून बोलत नाही. काम आता पुढच्या दिवाळीनंतर.

सड्यावर एक कट्टा बांधणार, चार चिऱ्यांचा.

देवगडचो_आजो | १० नोव्हेंबर

बरा केलस. वांदरांचा काय ठरवलस?

वळचण | १० नोव्हेंबर

सामान ठेवायला खाली एक छोटा मांगर घातलाय, त्यावर तालीम म्हणून कौलं घातली. काल सकाळी मोजली. अकरा फुटली आहेत.

शेवग्याची_शेंग | १० नोव्हेंबर

कुत्रा हवा असेल तर सांगा. आमच्याकडे पिल्लं झाली आहेत.